पडद्यावरचे इतिहासाचे सर

आमच्या घरात इतिहास हा विषय माझ्याकडे आला तो माझ्या लायकीमुळे नव्हे. गणित, विज्ञान, इंग्रजी आणि पवित्र शास्त्र म्हणजे बायबल बायकोने आधीच स्वतःकडे घेतलं होतं. उरला इतिहास.

"तुम्हाला जमेल," ती म्हणाली. "त्यात काही करायचं नसतं. सगळं होऊन गेलेलं असतं."

मी बेंगळुराबाहेर बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात सुट्या भागांची खरेदी बघतो. पहिली पाळी संपवून चारच्या सुमारास घरी येतो, चहा पितो आणि त्यानंतर माझा काही उपयोग नसतो. तो व्हावा म्हणून ही योजना.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. टाळेबंदी उठून शाळा परत सुरू झाल्या आणि हिचं पोट दुखायला लागलं. रोज सकाळी, बूट घालताना. रविवारी नाही, नाताळच्या सुट्टीत नाही. डॉक्टरांनी दोनदा तपासलं, सोनोग्राफी केली, काही नाही म्हणाले. एकदा मी तिला शाळेच्या फाटकापर्यंत नेलं तर ती तिथेच पोट धरून उकिडवी बसली. बाकीची मुलं तिला वळसा घालून आत जात होती. मी तिच्याशेजारी उकिडवा बसलो, कारण दुसरं काय करायचं ते मला सुचलं नाही. फाटकावरचा माणूस म्हणाला, "सार्, स्वल्प बाजूला बसा, व्हॅन येते." आम्ही दोघं बाजूला सरकून बसलो.

आम्ही मूळचे बेळगावकडचे मराठी ख्रिस्ती, बायको मिरजेची. बेंगळुरात आमचं नाव ऐकलं की लोक विचारतात, तमिळ की मल्याळी? मराठी म्हटलं की ते पुन्हा नाव विचारतात. त्यामुळे रविवारी दुपारी इथल्या शिवाजीनगरजवळ दुसऱ्यांच्या चर्चच्या मागच्या खोलीत पंचवीस-तीस मराठी माणसं जमतात, तो आमचा मोठा आधार. तिथल्याच एका ताईंनी होमस्कूलिंगचं सुचवलं. त्यांची दोन्ही मुलं घरी शिकत होती आणि फार चांगली चालली होती. "एक वर्ष करून बघा," त्या म्हणाल्या. "लेकराचं पोट तरी थांबेल."

पोट दुसऱ्याच दिवशी थांबलं. एका वर्षाची तीन वर्षं झाली ती अशी. जे दुखत नाही त्याला कोण हात लावतो?

इतिहासाचा अभ्यासक्रम त्या ताईंनीच दाखवला. अमेरिकेतला, ख्रिस्ती घरांसाठी बनवलेला, सगळा व्हिडिओवर. जगाच्या निर्मितीपासून सुरू होऊन जलप्रलय, मिसर, इस्राएल, ग्रीस, रोम करत करत आपल्या काळापर्यंत यायचं. शिकवणारे एक सर होते. पिकलेली आखूड दाढी, पँटीला खांद्यावरून जाणारे पट्टे, डोक्यावर टोपी. कधी ते पडक्या खांबांमधून चालत बोलायचे, कधी जुन्या चर्चच्या पायरीवर बसून. प्रत्येक धडा "हॅलो, फ्रेंड्स" म्हणून सुरू व्हायचा आणि प्रार्थनेने संपायचा. प्रार्थना आहे म्हटल्यावर बायकोने नियम केला की शेवटच्या दोन मिनिटांत मुलीने ओढणी डोक्यावर घ्यायची. मी डोळे मिटायचे. ते माझे पुष्कळदा मिसरमध्येच मिटलेले असायचे. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "पप्पा बघतायत का गं?" आणि मुलगी इमानाने सांगायची, "पप्पा प्रार्थना करतायत."

पालकांसाठी सूचना होत्या. धडा सोबत बघा, मधे थांबवा, चर्चा करा. मी चर्चेचा प्रयत्न केला. रोमन रस्ते फार टिकाऊ होते असं सर म्हणाले तेव्हा मी व्हिडिओ थांबवून होसूर रोडबद्दल बोललो. मुलीने पाच मिनिटं सभ्यपणे ऐकलं आणि म्हणाली, "पप्पा, आता सरांना बोलू देता का?"

सरांची एक लकब होती. ते प्रश्न विचारायचे, कानामागे हात धरायचे, जरा थांबायचे आणि मग बोट रोखून आनंदाने म्हणायचे, "एक्झॅक्टली!" समोर कोण आहे, काय म्हणालं, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एकदा त्यांनी विचारलं, नाईल नदीला पूर आला की लोक कशाची वाट बघायचे? कान पुढे केला. मी म्हणालो, "इडली."

"एक्झॅक्टली!" सर म्हणाले.

मुलगी खुर्चीवरून खाली घसरेपर्यंत हसली. पोट धरून हसली, आणि बायको धावत आली, कारण पोट धरलेलं तिने फक्त एकाच कारणाने पाहिलं होतं. त्या दिवसापासून आमचा तो खेळच झाला. सरांनी कान पुढे केला की आम्ही काहीही सांगायचो. उप्पीट. रिक्षा. कुकरची शिट्टी. सर सगळ्याला बरोबर म्हणायचे. माझ्या आयुष्यात मला इतकं बरोबर कुणी म्हटलेलं नाही, त्यामुळे मीही तो तास आवडीने बघू लागलो. भारताचा धडा आला तेव्हा तो अर्ध्यातच संपला, एक हत्ती दिसला आणि सर पुढे चीनला निघून गेले. मी हरकत घेतली. मुलगी म्हणाली, "त्यांना सगळं जग करायचंय पप्पा, तुमच्यासारखं नाही."

त्याच पावसाळ्यात बायकोने साक्ष दिली.

आमच्यात उपासनेत साक्ष देतात. देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून मंडळीपुढे सांगायचं. बायको भिडस्त आहे, लग्नापासून दोनदाच उभी राहिली असेल. त्या रविवारी तिने डोक्यावर पदर घेतला आणि उठली. म्हणाली, माझं लेकरू शाळेच्या दारात पोट धरून बसायचं, आज ते हसत हसत शिकतंय, मी आत स्वयंपाक करते आणि मला तिचं हसू ऐकू येतं, प्रभूची स्तुती असो. एवढंच बोलली आणि रडली. सगळे आमेन म्हणाले. सर्वात मोठा आवाज माझा होता. नंतर चहाच्या वेळी दोन कुटुंबांनी आमच्याकडून त्या अभ्यासक्रमाची माहिती घेतली आणि मी तज्ज्ञासारखी दिली.

हे सांगायचं कारण असं की साक्ष परत घेता येत नाही. खरेदी खात्यात मागवलेला माल परत पाठवायची सोय असते. देवापुढे आणि पंचवीस माणसांपुढे "झालं" म्हणून सांगितलेलं "नाही झालं" असं कसं सांगायचं, त्याची आमच्याकडे रीत नाही.

मागच्या वर्षी एका गुरुवारी कारखान्याचा मोठा ट्रान्सफॉर्मर गेला आणि आम्हाला दुपारीच घरी सोडलं. बायको खालच्या मजल्यावरच्या आजारी अक्कांकडे गेली होती. माझ्याजवळ किल्ली होती. मी आत आलो, बूट काढत होतो आणि मुलीचा आवाज ऐकू आला. कुणी मैत्रीण आली असेल असं वाटून मला बरं वाटलं आणि लगेच लक्षात आलं की तिला मैत्रीण नाही.

ती जेवायला बसली होती. टॅब पाण्याच्या जगला टेकवून ठेवला होता. सर पडद्यावर थांबवलेले होते, एक डोळा अर्धा मिटलेला, हात कानामागे. ती त्यांना इंग्रजीत सांगत होती की गच्चीवरची मांजर काल रात्रीपासून दिसत नाही, खालच्या अक्का म्हणतात ती पिल्लं घालायला गेली असेल, पण मला तसं वाटत नाही. डाळभात कालवत, मधेच घास घेत, निवांत सांगत होती. सांगून झाल्यावर तिने पडद्यावर बोट टेकवलं.

"एक्झॅक्टली!" सर म्हणाले.

ती मान हलवून हसली. मग पुढचा विनोद येण्याआधीच हसली. तेव्हा मला कळलं की हा धडा तिने आधी पाहिलाय. तो आमच्या वेळापत्रकात पुढच्या महिन्यात होता. पुढचे सगळेच तिने पाहिले होते, काही पाच-सहा वेळा, असं नंतर कळलं. संध्याकाळी माझ्यासोबत बसून ती पहिल्यांदा बघितल्यासारखं करायची. मला वाईट वाटू नये म्हणून.

मी हातात बूट घेऊन उभा होतो. आत जाऊन काय म्हणायचं? बूट परत घातले, जिना उतरलो, खाली चहा प्यायलो आणि माझ्या नेहमीच्या वेळेला वर गेलो.

बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती.

"एकटी बोलते? मग?" ती म्हणाली. "मीसुद्धा दिवसभर ओट्यापाशी प्रभूशी बोलते. मला कुणी वेडी म्हणत नाही."

"तसं नाही गं."

"कसं मग?"

प्रभू तुला दरवेळी एक्झॅक्टली म्हणतो का, असं विचारावंसं वाटलं, पण लाटणं तिच्या हातात होतं. आणि तिचंही चुकत नव्हतं. मुलगी जेवत होती, झोपत होती, गणित तिच्या वयाच्या मुलांच्या एक वर्ष पुढे होतं. दुखत काहीच नव्हतं.

मग मी लक्ष ठेवायला लागलो आणि लक्ष ठेवल्यावर माणसाला नको ते दिसतं. खालच्या दुकानात तिला पाठवलं की ती वस्तूकडे बोट दाखवायची. दुकानदार अण्णा काही विचारायचा, ही हसून मान हलवायची आणि नको ते बिस्कीट घेऊन वर यायची. रविवारी चर्चमध्ये बायका विचारायच्या, कशी आहेस गं, आणि ती म्हणायची, "मी बरी आहे, तुमच्यावर कृपा असो." बायका खूश व्हायच्या. तेरा वर्षांची मुलगी पाळकासारखं बोलते यात मलाही आधी कौतुकच वाटलं होतं. तिला पुढचा प्रश्न कुणी विचारत नव्हतं, आणि विचारला तर काय होईल ते मला पाहायचं नव्हतं.

ते हिवाळ्यात पाहायला मिळालं.

शहरातली होमस्कूलिंगवाली ख्रिस्ती कुटुंबं वर्षातून एकदा 'इतिहास दिवस' करतात. एक हॉल घेतात, घरून जेवण आणतात, आणि प्रत्येक मुलाने इतिहासातलं काहीतरी वेश करून पाच मिनिटं सांगायचं. मल्याळी, तमिळ, मिझो, कोंकणी, सगळे असतात आणि मुलं म्हणाल तर माकडं. खांबावर चढतात, एकमेकांच्या केकवर फुंकर मारतात, तीन भाषांत भांडतात. त्यांना बघून मला जास्तच धास्ती वाटली. माझी कल्पना होती की घरी शिकणारी मुलं अशीच गप्प होत असणार. तर तसं काही नव्हतं. आमचीच तेवढी तशी झाली होती.

तिने छापखाना हा विषय घेतला होता. पहिलं पवित्र शास्त्र यंत्रावर कसं छापलं गेलं ते. वेश म्हणून मी कारखान्यातला निळा एप्रन आणला. त्यावर तेलाचे डाग होते, ते शाईचे म्हणून खपले. तिने तयारी एकटीनेच केली, आम्हाला दाखवली नाही. हॉलमध्ये ती माझ्या आणि बायकोच्या मधे बसली होती. तिचं नाव पुकारलं आणि ती उठली.

"हॅलो, फ्रेंड्स," ती म्हणाली.

आवाज खणखणीत. चालणं तेच, दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे. बोट रोखणं तेच. मी मोबाईलवर चित्रण सुरू केलं. बायकोने माझा दंड धरला, तिचे डोळे भरले होते. अक्षरं शिशाची कशी ओतायची, उलटी कशी जुळवायची, सगळं इतकं छान सांगितलं की मागे चढलेली मुलंही खाली उतरली. मग तिने प्रश्न विचारला. यंत्र नव्हतं तेव्हा एक पुस्तक तयार व्हायला किती वेळ लागत असेल? कानामागे हात धरला. लोक हसून गप्प राहिले.

"एक्झॅक्टली!" ती म्हणाली.

हॉल हसला. लोकांना तो विनोद वाटला. मीसुद्धा हसलो, आमच्या घरचा विनोद इतक्या लोकांत चालला म्हणून मला बरं वाटलं.

ती पुढे गेली. मग दुसरा प्रश्न. छापखाने गावोगाव झाल्यावर लोकांनी काय काय छापून घेतलं असेल? कानामागे हात.

पहिल्या रांगेत एक पाच-सहा वर्षांची मुलगी बसली होती, दोन शेंड्या, पुढचे दात पडलेले. ती उठून उभीच राहिली आणि म्हणाली, "वेडिंग कार्ड!"

"एक्झॅक्टली!" आमची म्हणाली.

बरोबर ठरल्यावर त्या पोरीला कोण आनंद झाला. ती दोन पावलं पुढे आली आणि तिने मान वर करून विचारलं, "कुणाचं लग्न होतं?"

आमची मुलगी थांबली.

मी सांगतो ते दोन-चार क्षणांचं असेल. तिचा हात कानापाशीच राहिला होता. तोंड पुढच्या वाक्यासाठी उघडं होतं. ती त्या पोरीकडे बघत होती, आणि पोर उत्तरासाठी तिच्याकडे. पोरीला वाटलं हिला ऐकू आलं नाही, म्हणून तिने आणखी मोठ्याने विचारलं, "अक्का, कुणाचं लग्न?" तेव्हा आमच्या मुलीने एक बोट हवेत पुढे केलं आणि पडद्यावर टेकवल्यासारखं केलं. पुन्हा केलं. काही पुढे सरकलं नाही.

मी काय केलं? मी चित्रण करत राहिलो. मोबाईल खाली ठेवायचं मला सुचलंच नाही, उठून तिच्याजवळ जायचंही सुचलं नाही. तीन वर्षांपूर्वी फाटकाशी मी निदान शेजारी उकिडवा तरी बसलो होतो. बायकोने टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या, भली माणसं होती. मुलगी खाली आली आणि आमच्या मधे बसली. तिचा एप्रन मी सोडवला, गाठ निघेना म्हणून दातांनी सोडवली.

परतताना रिक्षात मुलीने मांडीवर एप्रनची घडी घातली. मग ती म्हणाली, "पप्पा, तिने मला का विचारलं?"

"तू तिला बरोबर म्हणालीस ना. म्हणून."

"पण मी तिला म्हणत नव्हते."

"मग कुणाला?"

तिने विचार केला. "कुणालाच नाही. ते म्हणायचं असतं."

बायको बाहेर बघत होती. रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, सरळ की डावीकडे, सार्? मी सरळ म्हणालो आणि आमचं वळण चुकलं. त्या दिवशी माझ्या हातून एवढाच निर्णय झाला आणि तोही चुकीचा.

घरी आल्यावर बायकोने कपडे न बदलता भांडी घासायला घेतली. घासलेलीच होती. मी ओट्यापाशी उभा राहिलो.

"शाळा बघा," ती म्हणाली.

"आणि पोट दुखायला लागलं तर?"

"मला काय माहीत?" तिने नळ बंद केला. "तुम्ही मला असं विचारता जसं काय मला सगळं माहीतच आहे. मलाही नाही माहीत. मी साक्ष दिली हो. उभी राहून दिली."

"देवाला कळतं."

"देवाला कळतं. त्या दोन घरांनी आपली पोरं काढली शाळेतून माझं ऐकून. त्यांना कोण सांगणार?"

त्या रविवारी पाळकांनी साक्षीसाठी विचारलं तेव्हा ती खाली बघत बसली. मग प्रार्थनेच्या विनंत्या सुरू झाल्या. कुणाची किडनी, कुणाचा व्हिसा. बायको उठली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझ्या मुलीसाठी." पुढे तिला बोलता येईना. मागून एका मावशींनी हळूच विचारलं, "काय गं, परत पोट?" बायकोने मान हलवली, हो म्हणून. मग सगळ्यांनी मनापासून पोटासाठी प्रार्थना केली. मी आमेन म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

वर्षाच्या मधे कुठली शाळा घेते? तीन शाळांनी फोनवरच जूनमध्ये या म्हणून सांगितलं. एकांनी विचारलं, मुलगी आतापर्यंत कुठे होती? मी घरी म्हणालो, तर ते "आजारी होती का?" म्हणाले. कारखान्यातल्या एकाच्या ओळखीने बसवनगुडीतल्या एका लहान शाळेच्या मुख्याध्यापिकांनी भेटायला बोलावलं. मी मुलीला घेऊन गेलो, बायको आली नाही. म्हणाली, मी आले तर रडेन आणि त्यांना वाटेल मुलीतच काही आहे.

मुख्याध्यापिका माझ्याच वयाच्या असतील. केसांत अबोलीचा गजरा, चष्मा साखळीला. मी इंग्रजीत सुरुवात केली. त्यांनी अर्ज बघितला, मातृभाषा मराठी वाचलं आणि म्हणाल्या, "आम्ही पण मराठीच की. तीनशे वर्षं झाली इथे येऊन. आता आमची मराठी ऐकून तुम्ही हसाल." मग त्या आमच्याशी मराठीतच बोलल्या, त्यात कानडी स्वयंपाकातल्या मिठासारखं मिसळलेलं होतं.

मी सगळं सांगितलं. पोट, घर, व्हिडिओ, इतिहास दिवस. फार बोललो असणार, कारण त्यांनी मधेच हात वर केला.

"सरी, सरी, बरं. तुमचं कळलं. हिला यायचंय का?"

हे आम्ही तिला विचारलंच नव्हतं. मुलीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं.

"तुम्ही नका सांगू," बाई म्हणाल्या.

मी तोंड मिटलं. पंखा फिरत होता. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. मुलगी टेबलाच्या कडेकडे बघत राहिली आणि बाईंना काही घाई नव्हती. मला मात्र इतकी होती की पायाची बोटं बुटात आवळली गेली.

"इथे इतिहास कोण शिकवतं?" मुलीने विचारलं. मराठीत, अगदी हळू.

"मीच."

"तुम्ही प्रश्न विचारता?"

"विचारते की. नाही तर पोरं झोपतात."

"आणि ते उत्तर देतात?"

"दहा जण एकदम. बहुतेक चूक."

"चूक असलं तर काय म्हणता?"

"चूक म्हणते. आणखी काय म्हणू?" बाई हसल्या. "ते पण मला म्हणतात. सन माझ्या ध्यानात राहात नाहीत, पहिल्यापासून."

मुलीने यावर काही म्हटलं नाही. हो नाही, नको नाही. बाईंनीच ठरवलं. आठवीत चार-पाच दिवस नुसतं बसू दे, कुणी काही विचारणार नाही, मग बघू. कानडी कच्चं आहे ते नंतर. आजच बसते का? चौथा तास इतिहासाचाच आहे. मुलगी उठली. दप्तर नव्हतं, वही नव्हती. बाईंनी टेबलावरची एक पेन्सिल तिच्या हातात दिली आणि तिला घेऊन गेल्या. माझ्याकडे वळून बघेल म्हणून मी हात अर्धा वर करून ठेवला होता. तो तसाच खाली घेतला.

वर्ग तळमजल्यावर, कोपऱ्यात होता. मी व्हरांड्यातल्या खांबाआड उभा राहिलो. खिडकीतून शेवटचा बाक दिसत होता. तिच्या शेजारी एक जाडसर वेणीची मुलगी होती, ती आमच्या मुलीच्या कानाशी वाकून काहीतरी म्हणाली. आमची समोर बघत राहिली. ती मुलगी पुन्हा वाकली. मला आमच्या मुलीची फक्त पाठ दिसत होती आणि पाठीवरून काही कळत नाही. मग बाईंनी काहीतरी विचारलं असावं, कारण एकदम गोंगाट झाला, सगळा वर्ग एकाच वेळी ओरडला, कानडी, इंग्रजी, सगळं. मी कान देऊन ऐकत होतो. त्यात तिचा आवाज आहे का ते शोधत होतो, आणि शिपाई आला.

"सार्, पेरेंट्स इथे थांबायचं नाही."

"दोन मिनिटं फक्त."

"नाही सार्. मेडम रागावतात. बाहेर."

बाहेर म्हणजे अगदी बाहेर, फाटकापलीकडे. त्याने कडी लावून घेतली. तिथून वर्ग दिसत नव्हता, आवाजही येत नव्हता, रस्त्यावरच्या बसचाच येत होता. मोबाईल वाजला. बायको.

"काय झालं?"

"बसलीय वर्गात."

"बसली? खरंच? पोट?"

"काही म्हणाली नाही."

"बोलली का कुणाशी?"

"शेजारची तिला काहीतरी विचारत होती."

"मग? ही काय म्हणाली?"

"माहीत नाही. मला बाहेर काढलं."

"तर परत आत जा ना."

"कडी लावलीय."

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली.

"अहो, मग तुम्ही तिथे काय करताय?"

"उभा आहे," मी म्हणालो.